बाणाच्या डावीकडे काय?

मित्रांनो, मी एक जुना लाकडी ठोकळा आहे. मला सहा बाजू आहेत, आठ कोपरे आहेत, आणि त्यातल्या एका कोपऱ्यावर जो तांबूस डाग आहे तो रंगाचा नव्हे. ज्याच्या डोक्यात काही शिरत नाही त्याला लोक ठोकळा म्हणतात. म्हणोत बापडे. माझ्यामुळे कितीतरी मुलं हुशार ठरली आणि कितीतरी मुलांच्या कपाळावर टेंगळं आली. मी दोन्ही सांगणार आहे. एक मिरवायचं आणि दुसरं झाकायचं, हे मला जमत नाही.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. दाराची चौकट करून सागवानाचा एक तुकडा उरला होता, तो सरपणात जायचा होता. तेवढ्यात एक तरुण शिक्षक दुकानात आले. सगळ्या बाजू अगदी सारख्या असलेला ठोकळा करून मिळेल का, असं त्यांनी विचारलं. मूल किती वर्षांचं आहे, असं सुतारानं विचारलं, तर ते हसून म्हणाले की मुलं पुष्कळ आहेत, खेळणं एकच हवं. सुतारानं मला करवतीनं कापलं, रंधा मारून गुळगुळीत केलं आणि प्रत्येक कोपरा काटकोन्याला लावून पाहिला. लहान मुलांच्या हातात जायचा तर कडा घासून जरा गोल करतो, असंही तो म्हणाला होता. शिक्षकांनी नको म्हटलं. आकृती समजायची तर कडा ठसठशीत दिसल्या पाहिजेत, असं त्यांचं मत पडलं. म्हणून माझ्या कडा तशाच राहिल्या.

शिक्षकांच्या बायकोनं मला पांढरा रंग दिला आणि बारीक कुंचल्यानं काळ्या आकृत्या काढल्या. डोक्यावर वर्तुळ, तळाला फुली. समोर बाण आणि त्याच्या पाठीला चांदणी. एका कुशीला त्रिकोण, दुसऱ्या कुशीला चौकोन. तिला मुलं काकू म्हणत. रंग वाळेपर्यंत काकूंनी मला खिडकीत ठेवलं होतं आणि येता-जाता त्या माझ्याकडे कौतुकानं बघायच्या. इतकं कौतुक मग कधी वाट्याला आलं नाही.

शिक्षक सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत शिकवणी घेत, आणि मागच्या खोलीत त्यांचं बिऱ्हाड होतं. खालून हातोडीचा आवाज यायचा, वर मुलं आकृत्या सोडवायची. एका नावाजलेल्या निवासी शाळेत जायचं तर प्रवेश परीक्षा द्यावी लागे, आणि त्या परीक्षेत एक पेपर असा होता की त्यात शब्दच नसत. नुसत्या आकृत्या. रांगेत पुढची आकृती कोणती येईल ते ओळखा. गटात न बसणारी आकृती शोधा. हीच आकृती आरशात कशी दिसेल, पाण्यात कशी दिसेल ते सांगा. कागदाची घडी घालून भोक पाडलं, घडी उघडल्यावर भोकं कुठे कुठे दिसतील? बरीच मुलं या पेपरला घाबरत. पाठांतर करून यावं तर पाठ करायला काही नाही. सरांचं म्हणणं असं की या पेपरला भाषा लागत नाही, श्रीमंती लागत नाही, फक्त डोळे लागतात.

माझं काम होतं ठोकळ्याचे प्रश्न शिकवायचं. सरांनी त्यासाठी एक खेळ काढला होता, त्याचं नाव ‘झेल आणि सांग’. सर मला हलकेच एखाद्या मुलाकडे टाकायचे. त्यानं मला झेलायचं, जेवढ्या बाजू दिसतात तेवढ्या बघायच्या आणि तळव्याखाली झाकलेल्या बाजूवर काय आहे ते सांगायचं. उत्तर चुकलं तर मी परत सरांकडे, बरोबर आलं तर ते मूल मला दुसऱ्याकडे टाकणार. अहाहा, काय दिवस होते ते! मी या हातातून त्या हातात उडत असायचो. घामेजलेले हात, शाईनं माखलेले हात, नखं खाल्लेले हात. मला सगळ्यांचे हात ओळखू यायचे.

सरांची आणखी एक शिस्त होती, ती नीट ध्यानात ठेवा. डावं-उजवं विचारायचं असलं की सर मुलांकडे पाठ करून उभे राहत, मला डोक्यावर धरत आणि मग विचारत. कारण ते मुलांकडे तोंड करून उभे असले तर त्यांचं डावं ते मुलांचं उजवं. आरशाचा धडा शिकवणाऱ्यानंच ही चूक केली तर हसं होईल, असं ते म्हणायचे. मुलं हसायची. तेही हसायचे.

पहिल्याच वर्षी शिकवणीतली काही मुलं त्या शाळेत लागली. दुसऱ्या वर्षी अधिक. भिंतीवर मुलांचे फोटो लागले, जिन्यावर चपलांचा ढीग वाढला, आणि आईबाप आपल्या पोरांचे दंड धरून त्यांना वर आणू लागले. आणताना म्हणू लागले, “सर, मुलगा तुमच्या हवाली केला. मारा, झोडा, काय करायचं ते करा. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही.” मित्रांनो, या म्हणीवर मला बोलायचा अधिकार आहे. मी करवत सोसली, रंधा सोसला, पुढे तर पुष्कळच सोसलं. मी देव झालो नाही. ठोकळ्याचा ठोकळाच राहिलो.

पण सरांनी ती म्हण ऐकली, आणि पुन्हा पुन्हा ऐकली. आधी चुकलेल्या मुलाकडे मी जरा जोरात यायला लागलो. मग अंगावर यायला लागलो. झेलता आलं नाही तर छातीवर, खांद्यावर, गुडघ्यावर. मग कपाळावर. एका मुलीचा पुढचा दात माझ्या चौकोनावर आपटून पडला आणि तो मुठीत धरून ती तासभर तशीच बसून राहिली. एका मुलाच्या नाकातून रक्त आलं तर सरांनी त्याला मान वर करून बसायला सांगितलं आणि त्याच्या शेजारच्याला पुढचा प्रश्न विचारला. मुलं आता मला झेलायला हात पुढे करत नसत. मी हवेत उडालो की वर्गातले सगळे हात तोंडावर जायचे. खेळाचं नाव मात्र तेच राहिलं.

आणि निकाल चांगले लागत होते. हे मला खोटं सांगता येणार नाही. भीतीनं पोरं रात्रंदिवस आकृत्या गिरवत, झोपेत बरळत. सरांना वाटे, हे आपल्या फेकण्याचं फळ आहे. ती पोरं माझ्यामुळे शिकली होती, की पहिल्या वर्षांसारखं शिकवलं असतं तर अशीच शिकली असती, हे कुणी ताडून पाहिलं नाही.

सरांना एक मुलगी होती. जी वस्तू हातात येईल ती गरगर फिरवून चारी बाजूंनी बघायची, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. वाटी, चप्पल, कुलूप, काहीही. मी तिच्या पाळण्यातला सोबती. तिला बोलता येण्याआधीपासून ती माझ्या बाजू ओळखायची. त्रिकोण वर करून दिला की चौकोन शोधायला मला उलटा करायची आणि खदखदून हसायची. अशी पोर शिकवणीत बसायच्या वयाची झाली तेव्हा सरांनी तिला पहिल्या बाकावर बसवलं. वर्गात बाबा म्हणायचं नाही, सर म्हणायचं, हे बजावलं. घरच्याला सूट दिली असं कुणी म्हणू नये, म्हणून तिच्या वाट्याला मी इतरांपेक्षा जास्त आणि इतरांपेक्षा जोरात यायचो. ती बहुतेक वेळा मला झेलायची. सगळ्या वर्गात तेवढे तिचे एकटीचेच हात तोंडावर जात नसत.

त्या वर्षी निकाल पडला. एकही मूल लागलं नाही. समोरच्या गल्लीत दुसरी शिकवणी निघाली होती, आणि काही आईबापांनी आपली पोरं तिकडे नेली. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सर वर्गात आले ते जिना चढतानाच धुमसत होते. कुणाची वही फाडली, कुणाचा कान पिरगळला. मग मला टेबलावरून उचललं, वर्तुळ वर आणि बाण मुलांकडे करून समोर धरलं आणि पहिल्या बाकाकडे बघून विचारलं, “बाणाच्या डावीकडे काय?”

त्या दिवशी ते मुलांकडे पाठ करून उभे राहिले नाहीत. रागाच्या भरात विसरले.

भिंगरीनं बघितलं. तिच्या डाव्या हाताला, बाणाला लागून, माझा चौकोन होता. ती म्हणाली, “चौकोन.”

सरांनी खाली आपल्या डाव्या हाताकडे बघितलं. तिथे त्रिकोण होता. “नीट बघ,” ते म्हणाले. तिनं नीट बघितलं आणि पुन्हा चौकोन म्हणाली. घरची मुलगी, पहिल्या बाकावरची, आणि चुकते, वर उलट उत्तर देते. त्यांचा हात मागे गेला. मी कुठे चाललो आहे हे मला दिसत होतं, पण मला पंख नाहीत आणि लगामही नाही. अंतर फार थोडं होतं. माझा कोपरा, सुतारानं काटकोन्याला लावून पाहिलेला, तिच्या डाव्या डोळ्यात गेला.

ती ओरडली नाही. “बाबा,” एवढंच म्हणाली आणि बाकाखाली कोसळली. बोटांच्या मधून रक्त आणि पाणी दोन्ही येत होतं. बाकीची मुलं हात तोंडावर धरून बसली होती, तशीच बसून राहिली. खाली सायकलीच्या दुकानात हातोडी चालूच होती.

इस्पितळात काय झालं ते मी पाहिलं नाही, कारण मी बाकाखाली पडलो होतो. पण घरी आल्यावर मागच्या खोलीत बोलणं झालं, ते मधल्या उघड्या दारातून पाहिलं आणि ऐकलं. खेळताना ठोकळा लागला, असं सरांनी डॉक्टरांना सांगितलं होतं. डॉक्टरांनी डोळा वाचवायची शिकस्त केली, पण त्या डोळ्याला आता दिसणार नव्हतं. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. पट्टी बांधलेली भिंगरी खाटेवर होती. ती म्हणाली, “बाबा, चौकोनच होता.” बोलायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, असं म्हणत सरांनी विषय संपवला.

तुम्हाला वाटेल, शिकवणी बंद पडली असेल. छे! पुढच्या आठवड्यात वर्ग भरला. एक बाप तर जिन्यात दुसऱ्याला सांगत होता की ज्यानं पोटच्या पोरीला सोडलं नाही तो आपल्या पोरांना काय सोडणार, असाच मास्तर पाहिजे. मला ओल्या फडक्यानं पुसून टेबलावर ठेवलं होतं. कोपऱ्यावरचा डाग निघाला नाही.

वर्ग भरला त्याच्या आदल्या दुपारी एक गोष्ट घडली. ती फक्त मला ठाऊक आहे. खोलीत कुणी नव्हतं. सर आले, त्यांनी मला टेबलावर ठेवलं, वर्तुळ वर, बाण बाकांकडे. मग ते टेबलाला वळसा घालून पहिल्या बाकापाशी गेले, वाकले आणि माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. त्यांचा चेहरा माझ्या इतका जवळ होता की त्यांचा श्वास लागत होता. मग त्यांनी मला उचलून खणात टाकलं आणि खण असा आपटून लावला की माझ्या फुलीचा टवका उडाला. त्यांना कळलं होतं, मित्रांनो. पुढे जे झालं ते न कळल्यामुळे झालं नाही.

काकूंनी मला जाळायचा प्रयत्न केला. सर आंघोळीला गेलेले बघून त्यांनी मला खणातून काढलं आणि पेटत्या शेगडीवर ठेवलं. ज्या हातांनी चांदणी काढली होती तेच हात. मला त्यांचा राग आला नाही. वास आल्यावर सर ओल्या अंगानं धावत आले, त्यांनी मला फडक्यात पकडून ओढलं आणि काकूंच्या थोबाडीत अशी दिली की त्या कपाटावर जाऊन आदळल्या. माझी चांदणी जळून काळीठिक्कर झाली. सरांनी तिचासुद्धा प्रश्न केला. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, काळ्या बाजूवर काय असलं पाहिजे?

भिंगरी वर्गात परत आली. वर्ग सुरू झाला की ती उभी राहायची आणि म्हणायची, “सर, त्या दिवशी बाणाच्या डावीकडे चौकोन होता.” एवढं म्हणून खाली बसायची. दिवसभर मग कुठल्याच प्रश्नाचं उत्तर द्यायची नाही. तिला काय हवं होतं ते सगळ्या वर्गाला कळत होतं. डोळा परत मिळणार नाही हे तिला ठाऊक होतं. डोळा गेला तो चुकीच्या उत्तरामुळे नव्हे, एवढं तिला बापाच्या तोंडून, या मुलांसमोर हवं होतं. आणि सरांना नेमकं तेच देता येत नव्हतं. डावं-उजवं चुकणारा मास्तर आकृत्या काय शिकवणार? एकदा चूक कबूल केली तर भिंतीवरचे फोटो, जिन्यातल्या चपला, सगळं खाली येईल, असं त्यांना वाटत असणार.

म्हणून ते मारायचे. पहिल्या दिवशी थोबाडीत. मग पट्टीनं, तळव्यांवर. मग केस धरून जिन्यात उभं करणं. एकदा तर तिचं डोकं फळ्यावर आपटलं आणि खडूची धूळ तिच्या केसांवर पसरली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा उभी राहायची आणि तेच वाक्य म्हणायची, तेवढ्याच आवाजात. बापाचा हट्ट आणि लेकीचा हट्ट, एकाच मुशीतले. खाण तशी माती, म्हणतात ना. पण एकाचा हट्ट खोटं धरून होता आणि दुसरीचा खरं धरून, एवढा फरक त्या म्हणीला कळत नाही.

मग एक नवा मुलगा आला. गोल चेहऱ्याचा, म्हणून पोरांनी त्याचं नाव बटाट्या ठेवलं. त्याला इथल्या रीती ठाऊक नव्हत्या. सरांनी त्याला फुलीच्या समोर काय येतं ते विचारलं. तो गोंधळला, बाण म्हणाला. मी निघालो. या मुलानं मात्र इतरांकडे बघून एवढं शिकून घेतलं होतं की हात तोंडावर न्यायचे. मी त्याच्या बोटांच्या पेरांवर बसलो, कातडी फाटली, आणि मी घरंगळत पहिल्या बाकाखाली गेलो. सरांचं तेवढ्यानं भागलं नाही. ते टेबल सोडून बाकांच्या मधे उतरले आणि त्यांनी त्या पोराची कॉलर धरली.

भिंगरी वाकली. एका डोळ्यानं जवळ-लांब कळत नाही, त्यामुळे तिचा हात पहिल्यांदा माझ्या अलीकडेच जमिनीवर पडला. दुसऱ्यांदा मी तिच्या मुठीत आलो. ती उठली आणि टेबलामागे, सर उभे राहत तिथे जाऊन उभी राहिली. वर्तुळ वर केलं, बाण वर्गाकडे केला. ती मोठ्यानं म्हणाली, “बाणाच्या डावीकडे काय?”

सर वळले. बटाट्याची कॉलर त्यांच्या हातातून सुटली. “तो खाली ठेव,” ते म्हणाले आणि पुढे यायला लागले. तेव्हा भिंगरीनं हात खांद्यामागे नेला. अगदी त्यांच्यासारखा. तिची बोटं माझ्या कडांवर अशी आवळली होती की तिच्या नाडीचे ठोके मला लागत होते. मित्रांनो, मला वाटलं, आता ही मला सोडणार. माझी दिशा ठरलेली होती. मी असं म्हणणार नाही की मला ते नको होतं.

आणि सरांचे हात तोंडावर गेले.

दोन्ही हात, बोटं पसरून, डोळ्यांवर. भर वर्गात, पोरांच्या मधोमध. त्या खोलीत ज्या-ज्या मुलानं असे हात नेले होते त्याच्यासारखेच. कुणी हसलं नाही. मधल्या दारात काकू येऊन उभ्या होत्या, त्यांनीही पाहिलं.

“मी मारणार नाही, बाबा,” भिंगरी म्हणाली. तिनं हात खाली आणला आणि मला पुन्हा समोर धरलं. “नुसतं बघा आणि सांगा.”

सरांनी हात काढले. ते मुलांच्या बाजूला उभे होते, तिथून त्यांना मुलांना दिसायचं तेच दिसत होतं. ते काहीतरी पुटपुटले. मला ऐकू आलं, बाकीच्यांना आलं नसेल. भिंगरी तशीच उभी राहिली.

“चौकोन,” सर म्हणाले. मग त्यांचा आवाज फुटला आणि ते पुन्हा म्हणाले, “चौकोन होता. तिचं बरोबर होतं. मी उलट्या बाजूनं बघत होतो.” आणि ते बटाट्याच्या शेजारी बाकावर बसले. त्या बुटक्या बाकावर त्यांचे गुडघे मावत नव्हते.

भिंगरी रडली. डोळा गेला तेव्हा रडली नव्हती, मार खाताना रडली नव्हती, आता मला छातीशी धरून हमसून हमसून रडली. गेलेल्या डोळ्यातूनही पाणी येतं, हे मला त्या दिवशी कळलं. काकू आत आल्या आणि तिला घेऊन गेल्या. मी तिच्या हातातच होतो, म्हणून मीही गेलो. शिकवणी त्यानंतर भरली नाही. भिंगरी, काकू आणि मी आता वेगळ्या घरात राहतो. सर कधीमधी येतात, दारातच बसतात, पाणी पिऊन जातात.

मी आता टेबलावर कागद उडू नयेत म्हणून बसलेला असतो. एक बाजू जळकी, एक टवका उडालेली. माझी तक्रार नाही. पण एक मागणं आहे, आणि ते तुमच्यापेक्षा तुमच्या घरातल्या मोठ्यांकडे आहे. तुम्ही त्यांना हे वाचून दाखवा. मूल चुकलं असं वाटलं की हात उगारण्याआधी त्याच्या बाजूला जाऊन उभे राहा आणि तिथून बघा. कदाचित मूलच चुकलेलं असेल. मग पुन्हा समजावून सांगा, त्यासाठी तुम्ही मोठे आहात. आणि तुम्ही, मित्रांनो, हातात आलेल्या वस्तू फिरवून बघा, त्यांना प्रश्न विचारा, त्या झेला आणि हलक्या हातानं दुसऱ्याला द्या. फेकून मारायला कुठलीच वस्तू जन्माला येत नाही.

सरांनी उत्तर दिलं, ते बरोबर होतं, आणि सगळ्यांनी ऐकलं. भिंगरी मात्र अजूनही पाणी ओतताना आधी बोटानं पेल्याची कड शोधते.